फळमाशीच्या बंदोबस्तांत मित्र-सूत्रकृमींचा उपयोग

फळबागाइतदारांच्या शत्रूंमध्यें फळमाशीइतका कपटी शत्रु क्वचितच आढळेल. फळ झाडावर असतां बाहेरून निकोप दिसतें. सालीवर टांचणीनें टोंचल्यासारखा एखादा ठिपका असला तर असतो. परंतु पिकल्यावर तें कापावें तों आंत पांढऱ्या अळ्या वळवळत असतात. मावा, तुडतुडे इत्यादि किडींवर मारलेलें औषध त्यांच्या अंगावर पडतें. गरांत दडून बसलेल्या अळीपर्यंत तें पोंचत नाहीं, आणि पोंचेल असें जहाल औषध वापरल्यास तें फळ खाणाराच्याही पोटांत जातें.

या किडीमुळें होणारें नुकसान केवळ नासलेल्या फळांपुरतें नसतें. युरोपीय संघानें १ मे २०१४ पासून भारतांतून येणारा आंबा, कारलें, पडवळ, वांगें व अळू यांस बंदी केली. आलेल्या मालांत फळमाशी व इतर किडी सांपडल्या, हें तिचें कारण होतें. आंब्यावरील बंदी २०१५ च्या प्रारंभीं उठली, तरी मधला एक हंगाम कोंकणांतील हापूसच्या बागाइतदारांस त्या बाजारास मुकावें लागलें. स्वच्छ फळें पिकविणाऱ्यांचा मालही त्या बंदींत अडकला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तिचा विचार लेखाच्या शेवटीं करूं.

या किडीच्या आयुष्यांत एक वेळ मात्र अशी येते कीं, ती फळाचा आसरा सोडून आपण होऊन मातींत उतरते. त्याच वेळीं तिला गांठणारा एक सूक्ष्म जीव निसर्गांत आहे. त्यास मित्र-सूत्रकृमि म्हणतात. त्याचा उपयोग कोठें होतो, कोठें होत नाहीं, आणि तो कसा करून घ्यावा, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

किडीचा जीवनक्रम

आपल्याकडे आंबा व पेरू यांवर मुख्यतः बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस नांवाची फळमाशी पडते. कारलें, दोडका, काकडी, पडवळ, दुध्या इत्यादि वेलवर्गीय पिकांवर पडणारी माशी निराळी. तिला झ्यूगोडॅकस कुकर्बिटी असें नांव आहे. दोघींची राहणी पुष्कळ अंशीं सारखीच. मादी आपल्या अणकुचीदार अंगानें फळाची साल भेदून आंत अंडीं घालते. एक मादी आपल्या आयुष्यांत हजारावर अंडीं घालूं शकते. एकदोन दिवसांत अंडीं फुटून अळ्या निघतात व गर खाऊं लागतात. उबदार हवेंत आठवड्याच्या आंतबाहेर त्या पुऱ्या वाढतात. तोंवर फळ कुजून बहुधा गळून पडलेलें असतें. मग अळी फळांतून बाहेर येते, अंगाचें कमान करून उड्या मारते आणि मऊ जागा पाहून मातींत शिरते. ती फार खोल जात नाहीं. बहुतेक दोन ते पांच सेंटिमीटरांच्या थरांतच राहते. तेथें तिचा कोश होतो, आणि सुमारें आठ ते बारा दिवसांनीं त्यांतून माशी निघून पुन्हां झाडावर जाते.

म्हणजे या किडीचें अंडें व अळी फळांत, कोश मातींत आणि माशी हवेंत असते. आमिषाचे सापळे हवेंतल्या माशीवर चालतात. मातींतल्या अवस्थेकडे मात्र आपलें सहसा लक्ष जात नाहीं.

मित्र-सूत्रकृमि म्हणजे काय

सूत्रकृमि हा शब्द ऐकतांच पेरू-डाळिंबाच्या मुळांवर गांठी आणणारी पीडा आठवून शेतकरी दचकतो. ही शंका प्रथम दूर केली पाहिजे. मुळांस उपद्रव करणाऱ्या कृमींच्या तोंडांत सुईसारखा कांटा असतो. त्यानें ते मुळांचा रस ओढून घेतात. येथें ज्यांचा विचार करावयाचा आहे त्या कृमींस असा कांटा नसतो, आणि वनस्पतींवर त्यांचा निर्वाह होत नाहीं. ते केवळ कीटकांच्या शरीरांत वाढतात. स्टायनर्नेमा व हेटेरोऱ्हॅब्डायटिस अशीं त्यांचीं दोन मुख्य कुळें आहेत.

मातींत हिंडणारा त्यांचा बालकृमि सुमारें अर्धा मिलिमीटर लांब असतो. या स्थितींत तो कांहीं खात नाहीं. शरीरांतील सांठविलेल्या चरबीवर जगतो व भक्ष्य शोधतो. कांहीं जाती मातीच्या पृष्ठभागाशीं दबा धरून बसतात, तर कांहीं मातींतील पाण्याच्या पातळ थरांतून फिरत भक्ष्याचा माग काढतात. अळी सांपडली कीं तिच्या तोंडावाटे, गुदद्वारावाटे किंवा श्वासरंध्रांतून कृमि आंत शिरतो. हेटेरोऱ्हॅब्डायटिसचे कृमि तर दांतासारख्या अवयवानें मऊ त्वचा फाडूनही आंत जाऊं शकतात.

अळीस मारण्याचें काम एकटा कृमि करीत नाहीं. त्याच्या पोटांत विशिष्ट जातीचे जंतु असतात. अळीच्या रक्तांत पोंचतांच तो ते बाहेर टाकतो. रक्त दूषित होऊन अळी बहुधा एकदोन दिवसांत मरते. जंतु तिच्या शरीराचें विघटन करतात; त्या पोषणावर कृमि वाढतात व त्यांच्या एकदोन पिढ्या आंतच होतात. पोषण संपलें म्हणजे नवे बालकृमि तेच जंतु पोटांत घेऊन मातींत बाहेर पडतात. हेटेरोऱ्हॅब्डायटिसनें मारलेली अळी विटकरी रंगाची होते, आणि पूर्ण अंधारांत तिच्यापासून मंद उजेडही निघतो. स्टायनर्नेमानें मारलेली फिकट पिवळसर किंवा करडी दिसते.

शोधाचा थोडा इतिहास

अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानांत १९२९ सालीं जपानी भुंगेऱ्याच्या अळ्यांत असे कृमि आढळले. ग्लेसर नांवाच्या शास्त्रज्ञानें ते कृत्रिम अन्नावर वाढवून शेतांत सोडण्याचे प्रयोग पुढील वर्षांत केले. नंतर रासायनिक कीटकनाशकांची चलती झाली व ही विद्या मागें पडली. त्या औषधांचे दोष दिसूं लागल्यावर तिच्याकडे पुन्हां लक्ष गेलें. आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, उष्ण हवेंत टिकणारी हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात कोइमतूर येथें उंसाच्या शेंडे पोखरणाऱ्या अळींतून मिळाली, आणि १९९२ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषि कीटक संसाधन ब्यूरोनें या जातीची पाण्यांत कालविण्याची भुकटी तयार केली. उंसावरील हुमणीकरितां ती वापरलेल्या शेतकऱ्यांस हा प्रकार अगदींच नवा वाटणार नाहीं.

पहारा चोर येण्यापूर्वीं बसला पाहिजे

फळमाशी व हुमणी यांच्यांत मात्र एक मोठा भेद आहे, आणि तो न ओळखल्यास सर्व खर्च मातींत जाईल. हुमणी महिनेच्या महिने मातींत राहून मुळें खात असते. कृमींस तिला शोधावयास भरपूर अवकाश मिळतो. फळमाशीची अळी मातींत शिरल्यावर लवकरच, कधीं कांहीं तासांत तर कधीं एकदोन दिवसांत, कोश करते. हा कोश म्हणजे काय? अळी आपली शेवटची कात टाकून न देतां तिलाच कडक करते व तिच्या आंत बंद होऊन बसते. मग तोंड नाहीं, गुदद्वार नाहीं. कृमीला शिरावयास वाटच उरत नाहीं.

प्रयोगांवरूनही हेंच दिसून आलें आहे. हवाई बेटांत भूमध्यसागरी फळमाशीवर लिंडेग्रेन, वाँग व मॅकिनिस यांनीं शेतांत केलेले प्रयोग १९९० सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत मातींत शिरणाऱ्या अळ्या या कृमींस बळी पडतात असें दिसलें. अमेरिकेंतील यी व लेसी यांनीं चेरीवरील फळमाशीच्या निरनिराळ्या अवस्थांची तुलना २००३ सालीं प्रसिद्ध केली. तींत पूर्ण वाढलेली अळी सर्वांत अधिक बळी पडली, कोशांस बाधा झाली नाहीं, आणि कोशांतून निघणाऱ्या माशांपैकीं कांहीं मेल्या.

यावरून पहिला नियम निघतो. फळें गळून, त्यांतून अळ्या उतरून गेल्यावर कृमि टाकणें म्हणजे घरांत चोरी झाल्यावर पहारा बसविणें होय. अळी झाडाखालीं पडेल त्या वेळीं कृमि तेथें आधींच हजर असले पाहिजेत. म्हणून फळांस डंख दिसूं लागतांच, गळ सुरू होण्यापूर्वीं, पहिली मात्रा द्यावी. कृमि मातींत कायमचे टिकत नाहींत. फळमाशीची अळी लहान असल्यामुळें तिच्यांतून निघणारी नवी प्रजाही बेताचीच असते. यास्तव तोडा लांबणाऱ्या पिकांत दोनतीन आठवड्यांच्या अंतरानें पुन्हां मात्रा द्यावी लागते.

कोणत्या बागेंत उपयोग, कोणत्या बागेंत नाहीं

हे कृमि पाण्याच्या थरांतून चालणारे जीव आहेत. माती कोरडी पडली कीं त्यांची हालचाल थांबते, आणि उघड्या उन्हांत तर ते फार थोड्या वेळांत मरतात. साधारणतः १५ ते ३० अंश सेंटिग्रेड उष्णमान त्यांस मानवतें. इंडिका जात त्याहून थोडी अधिक उष्णता सोसते. माती हलकी, भुसभुशीत असल्यास काम चांगलें होतें. घट्ट चिकणमातींत त्यांस चालण्यास वाव मिळत नाहीं.

या कसोटीवर आपल्या बागा लावून पाहाव्या. आंबे बहाराचा पेरू पावसाळ्यांत तयार होतो. त्या वेळीं माशीचा जोर अधिक असतो, माती ओली असते, आभाळ झांकोळलेलें असतें. कृमींस याहून सोईचा काळ नाहीं. मांडवावरचीं कारलीं-दोडके किंवा ठिबकावर घेतलेली काकडी यांच्याखालीं सावली व ओल दोन्ही असतात. तेथेंही प्रयत्न करण्यासारखा आहे. याच्या उलट एप्रिल-मे महिन्यांत कातळावरील हापूसची बाग घ्या. जांभ्याची माती तापून कोरडी ठणठणीत झालेली असते, आणि कलमांस त्या वेळीं पाणी दिलेलें नसतें. अशा ठिकाणीं कृमि टाकणें म्हणजे पैसे उन्हांत वाळत घालणें होय. तेथें हंगामाच्या अखेरीस पहिल्या सरी पडल्यावर, झाडावर व झाडाखालीं जीं उरलींसुरलीं फळें राहतात त्यांच्याभोंवतीं कृमींचा विचार करावा. पुढची पिढी त्याच फळांतून निघते.

प्रमाण व हिशेब

सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरास २५ बालकृमि हें प्रमाण धरतात. म्हणजे एका गुंठ्यास सुमारें अडीच कोटि व एकरास सुमारें १०० कोटि होतात. फळमाशीवरील पुष्कळ प्रयोगांत याहून दाट प्रमाण वापरलें गेलें आहे, कारण येथें अवकाश थोडा असतो. परंतु सबंध एकर भिजविण्याची आवश्यकता नसते. पेरूचीं झाडें ६ मीटर अंतरावर असून प्रत्येकाचा विस्तार खोडापासून २ मीटर असेल, तर एका झाडाखालीं साडेबारा चौरस मीटर जागा येते. तिला ३१ लाख कृमि पुरतात. एकरीं ११० झाडें धरल्यास सुमारें ३४ कोटि, म्हणजे सबंध क्षेत्राच्या हिशेबाच्या एक तृतीयांश, इतक्यांत काम भागतें. वांचलेल्या पैशांत झाडाखालील प्रमाण वाढवितां येईल, किंवा दुसरी मात्रा देतां येईल. फळें विस्ताराच्या कडेलाही पडतात, म्हणून केवळ बुंध्याशीं न टाकतां सर्व सावलीखालीं टाकावें.

भुकटी घेतांना वजनावर जाऊं नये. वेष्टनावर जिवंत कृमींची संख्या, जातीचें नांव, तयार केल्याची तारीख व मुदत पाहावी, आणि वरील हिशेबाशीं ताडून किती लागेल तें ठरवावें. सांठवण वेष्टनावर सांगितलेल्या उष्णमानांतच करावी. ही भुकटी म्हणजे मेलेलें रसायन नव्हे. उन्हांत उभ्या केलेल्या गाडींत ती दोनचार तास राहिली तर आंतील जीव दगावतात. उष्ण देशांतील जात फार थंडीनेंही मरते, म्हणून बर्फाच्या कप्प्यांतही ठेवूं नये.

टाकण्याची रीत

१. आदल्या दिवशीं किंवा त्याच दिवशीं दुपारनंतर आळें ओलें करावें. पाणी सांचूं देऊं नये. वरचे आठदहा सेंटिमीटर ओलसर असावे.

२. झाडाखालचें तण व गळालेलीं फळें काढून घ्यावीं. पातळ पालापाचोळा असल्यास राहूं द्यावा. त्यानें ओल टिकते.

३. काम सूर्य मावळतांना किंवा दाट ढगाळ दिवशीं करावें.

४. झारी किंवा पंप कीटकनाशकाचा अंश न राहील असा धुऊन घ्यावा. पंपांतील बारीक जाळ्या काढून टाकाव्या, व तोटी मोठ्या भोंकाची लावावी.

५. भुकटी गार पाण्यांत कालवून लागलीच वापरावी. कृमि तळाशीं बसतात, म्हणून पाणी सारखें ढवळीत राहावें. कालविलेलें पाणी दुसऱ्या दिवसासाठीं ठेवूं नये.

६. टाकल्यावर हलकें पाणी द्यावें, म्हणजे कृमि पाचोळ्यावर न राहतां मातींत उतरतील. पुढें आठदहा दिवस माती वाळूं देऊं नये.

७. त्याच आळ्यांत सूत्रकृमिनाशक औषध टाकलें असल्यास किंवा टाकावयाचें असल्यास हा खर्च करूं नये. तें औषध शत्रु व मित्र असा भेद करीत नाहीं.

विक्रीस येणाऱ्या या कृमींपासून माणसांस, गुरांस किंवा गांडुळांस अपाय होत असल्याचें आढळलेलें नाहीं.

काम झालें कीं नाहीं याची परीक्षा

कृमि डोळ्यांस दिसत नाहींत. त्यामुळें भुकटी मेलेली असली तरी शेतकऱ्यास कळत नाहीं. याकरितां एक सोपी परीक्षा प्रत्येकानें करावी. मातीचे दोन परळ घ्यावे. एकांत कृमि टाकलेल्या आळ्यांतील माती, दुसऱ्यांत न टाकलेल्या आळ्यांतील माती भरावी. दोहोंत सारखी ओल ठेवावी. नासक्या फळांतून बाहेर पडूं पाहणाऱ्या, पूर्ण वाढलेल्या वीस-वीस अळ्या दोहोंत सोडून वर मलमलीचा फडका घट्ट बांधावा व परळ सावलींत ठेवावे. पंधरा दिवसांनीं माशा मोजाव्या. समजा, साध्या मातींतून १८ माशा निघाल्या व कृमींच्या मातींतून ६, तर दोन तृतीयांश माशा कमी झाल्या. दोन्हींकडे संख्या सारखीच निघाली, तर भुकटी मेलेली होती किंवा टाकण्यांत दोष राहिला असें समजावें व पुढील खर्च थांबवावा. बागेंतही दहापांच झाडें कृमि न टाकतां राखावीं. त्याशिवाय दुकानदाराचें बोलणें खरें कीं खोटें, हें ठरविण्यास आपल्यापाशीं साधन राहत नाहीं.

केवळ कृमींवर विसंबूं नये

गळालेलें एक फळ म्हणजे पुढच्या पिढीचें एक घर. तें दोन दिवसांआड उचलून दोन फूट खोल पुरलें, किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून उन्हांत ठेवलें, तर त्यांतील सर्वच अळ्या मरतात, आणि या कामास मजुरीपलीकडे खर्च नाहीं. कृमि हे त्या कामाची जागा घेत नाहींत. उचलतांना जीं फळें नजरेआड राहिलीं, किंवा फळ उचलण्यापूर्वीं ज्या अळ्या मातींत उतरल्या, त्यांच्याकरितां ते आहेत. आंबा-पेरूच्या बागेंत मिथाइल युजेनॉलचे व वेलवर्गीय पिकांत क्यू-ल्यूरचे सापळे लावणेंही चालू ठेवावें. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा कोंकणांतील बागाइतदारांच्या परिचयाचा आहेच. परंतु या आमिषांस नरमाशाच भुलतात. आधींच फळलेली मादी फळांवर जाते ती जातेच, हें विसरूं नये.

आतां शेवटची व सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कृमींनीं आपल्या मातींतील अळी मरते. शेजारच्या बांधावरून उडून येणारी माशी मरत नाहीं. ज्याची बाग चोहोंकडून निष्काळजी शेजाऱ्यांनीं वेढली आहे, त्यानें कितीही कृमि टाकले तरी त्याच्या फळांस डंख व्हावयाचाच. २०१४ सालच्या बंदींत जसा स्वच्छ बागाइतदार इतरांबरोबर भरडला गेला, तसेंच येथेंही होतें. म्हणून हा उपाय एकट्यानें करण्याचा नाहीं. एका वाडीच्या किंवा एका शिवाराच्या बागाइतदारांनीं मिळून गळफळें उचलण्याचा वार ठरवावा, सापळे एकाच वेळीं लावावे, भुकटी एकत्र मागवून ताजी असतांनाच वांटून घ्यावी, व परळांची परीक्षा सर्वांसमक्ष करावी. ज्या शिवारांत पाण्याची पाळी एकमतानें ठरते, तेथें एवढी गोष्ट ठरविणें अवघड जाऊं नये. येत्या पावसाळी हंगामांत पेरूच्या चारदोन बागा लागून असतील तेथें हा प्रयोग करून पाहावा, आणि परळांतील माशांचे आंकडे लिहून ठेवावे. पुढील वर्षीं किती खर्च करावा, किंवा करावा कीं नाहीं, हें त्या आंकड्यांवरूनच ठरेल.